शॅकवर दिवसातून एक तास कोकणी-मराठी गाणी सक्तीची करा! पटतंय का?

माडाखालचो:
मे महिन्यात एकदा कळंगुट ते बागा किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जा आणि कान उघडे ठेवा. पहिल्या शॅकवर, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या हॉटेलात, पंजाबी, दुसऱ्यावर हिंदी रिमिक्स, तिसऱ्यावर तेच रिमिक्स पण बेस वाढवून, चौथ्यावर एक पोरगा गिटार घेऊन तीच ठरलेली हिंदी कव्हर म्हणतोय आणि समोरचे सगळे मोबाइल वर करून शूट करतायत. डोक्यावर बकेट हॅट, अंगात फुलाफुलांचा शर्ट नाहीतर पांढरं लिनन, गळ्यात कवड्या. ह्याला म्हणे गोवा व्हाइब म्हणायचं. समुद्र सोडला तर ह्यात गोव्याचं काय आहे ते कुणीतरी मला सांगा.

माझं म्हणणं सरळ आहे. २०२३ च्या शॅक धोरणात सरकारने शॅकवाल्यांना सांगितलं की मेनूवर गोंयचं जेवण, आपली शीत-कडी, म्हणजे भात आणि माशाची आमटी, असलीच पाहिजे. तेव्हाही बोंब झाली की आम्ही काय विकायचं ते तुम्ही कोण सांगणार, पण शॅक किनाऱ्यावर उभा राहतो, किनारा कुणाच्या बापाचा नाही, सरकार लायसन्स देतं म्हणून तो उभा राहतो. मग जेवणाला अट घालता येते तर गाण्याला का नाही? दिवसातून एक तास. संध्याकाळी ६ ते ७, सूर्य बुडतो तेव्हा, गर्दी असते तेव्हा. कोकणी, मराठी, काय हवं ते लावा, आपली गायिका लॉर्ना लावा, गायक रेमो लावा, तियात्रातली म्हणजे कोकणी नाटकातली कांतारां, गाणी लावा, नव्या पोरांचं रॅप लावा. उरलेला दिवस तुमचाच आहे की.

पणजेकार:
सक्ती हा शब्द वाचला आणि डोकं फिरलं. आणि तुमचं ते "आपलं" म्हणजे नक्की कुठलं हो? ख्रिस पेरी मडगावच्या बोर्ड्याचा माणूस, मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवायचा, ती ट्रंपेट आणि तो सॅक्सोफोन त्याने कोकणी गाण्यात घातला, लॉर्नाचा आवाज घेतला आणि झालं. आज ते तुम्हाला एकदम अस्सल वाटतं, पण त्या वेळी मांडो, म्हणजे जुनी कोकणी प्रेमगीतं, म्हणणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याने नाक मुरडलं नसेल असं वाटतं का तुम्हाला? तियात्र तरी कुठला, पहिला खेळ १८९२ ला मुंबईत झाला आणि त्याच्या मागे इटालियन ऑपेरा कंपनीचा हात. ट्रान्स हे पार्टीतलं नाचाचं संगीत हणजूणच्या वाळूवर गोऱ्या लोकांनी घडवलं आणि जगभर त्याला गोवा ट्रान्स म्हणतात. म्हणजे बाहेरचं येतं, इथे मुरतं, मग आपलं होतं. हे सरकारी परिपत्रकाने झालेलं नाही कधी.

माडाखालचो:
@पणजेकार मुरतं हे मान्य, पण मुरायला दोन गोष्टी लागतात, एक बाहेरची आणि एक इथली. ख्रिस पेरीने जाझ आणलं तेव्हा त्याच्याकडे कोकणी होती. बागातल्या त्या गिटारवाल्याकडे काय आहे? त्याला मालक सांगतो की कस्टमरला समजेल तेच म्हण. पोरगा हळदोण्याचा आहे, चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेला, घरी सुंदर कोकणी म्हणतो, शॅकवर मात्र बंद.

शिवोलीची सून:
गाण्याचं तुम्ही बघा, मी कपड्यांचं बोलते कारण वरच्या पोस्टमध्ये लिननला उगाच शिव्या बसल्यात. मे महिन्यातल्या दमट हवेत लिनन आणि सुती हेच शहाणपणाचं आहे, घाम शोषून घेतं, वाळतं पटकन. खरा गुन्हेगार म्हणजे तो रस्त्याकडेला टांगलेला चकचकीत फुलांचा शर्ट, निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर, दोन धुण्यांत रंग उडतो आणि काखेत घाम धरून बसतो. पर्यटक तो घालतो दोन दिवस आणि हॉटेलातच सोडून जातो.

आणि आता नवीन फॅड बघा, कुणबी चेक्स. तांबड्यात पांढऱ्या रेघा. आमच्या गावातल्या कुणबी म्हाताऱ्या ती साडी नेसायच्या ते मी बघितलंय, पोटरी उघडी राहील इतकी वर, कारण चिखलात उतरून भात लावायचं असतं, आणि पदर खांद्यावर आणून घट्ट गाठ, म्हणजे वाकलं तरी सुटायला नको. जाड सूत, अंगाला लागेल असं. ती जवळजवळ संपली होती, फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सने हातमागावर परत विणून घेतली आणि रॅम्पवर नेली, तेव्हा कुठे शहरातल्या बायकांना तिच्यात काहीतरी दिसलं. आता तेच चेक्स पॉवरलूमच्या पातळ कापडावर छापून को-ऑर्ड सेट म्हणून विकतात, विणलेले नाहीत, छापलेले, आतली बाजू उलटून बघा, पांढरीफटक असते. मग सांगा माडाखालचो-बाब, हे आपलं की त्यांचं? चेक्स आपले, पैसे विणणाऱ्या बाईला शून्य. तुमचा गाण्यांचा तास पण असाच होणार, वरून आपलं, आतून पांढरंफटक.

कुडाळचा बंड्या:
मी सीमेपलीकडचा, त्यामुळे जपून बोलतो. आमच्याकडून तासाभरात गोव्यात येतो आम्ही. माझे पुण्याचे मावसभाऊ आले की त्यांना बागाच पाहिजे, तेच गाणं पाहिजे जे रीलवर असतं. मी त्यांना म्हटलं फोंड्याकडे जत्रा आहे, रात्री नाटक आहे, गावातलेच लोक करतात, मराठी आहे, तुम्हाला समजेल, चला. आले कुरकुरत. साडेबाराला पडदा उघडला, हार्मोनियमवाला आणि तबलजी बाजूला बसलेले, राजाचं काम करणारा माणूस सकाळी ग्रामपंचायतीत क्लार्क, त्याने पद घेतलं आणि दोन वेळा वन्समोअर झाला. हे लोक पहाटेपर्यंत हलले नाहीत! मोबाइल खिशात. आता मला सांगा, हे शॅकवर सक्तीने लावलं असतं तर कोण थांबलं असतं?

पणजेकार:
@कुडाळचा बंड्या लाख बोललात. गाणं त्याच्या जागी बसलं की चालतं.

माडाखालचो:
पण बंड्या, तुझे भाऊ तिथे गेले कारण तू ओढून नेलंस. तीच सक्ती झाली की. तू नसतास तर त्यांना कोणी सांगितलं असतं?

अजून एक. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, त्याच मंगेशीचे अभिषेकीबुवा, कुर्डीच्या मोगूबाई, केरीच्या केसरबाई. केसरबाईंची भैरवी १९७७ पासून व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीत अंतराळात चाललीय. सूर्यमालेच्या बाहेर वाजायची तयारी आहे, बागात नाही.

पेल्यातलं वादळ:
केसरबाईंची भैरवी, सोबत चिल्ड बिअर आणि बटर गार्लिक प्रॉन्स. अहो त्या बाईंनी आयुष्यभर आपल्या गाण्याची इज्जत राखली, आता मेल्यावर तरी त्यांना शॅकवर पाठवू नका 🙏

माडाखालचो:
@पेल्यातलं वादळ केसरबाई लावा असं मी म्हटलंच नाही. वाचत जा.

रोमीवालो:
कोकणी-मराठी म्हणताय ते कशाला? १९८७ च्या राजभाषा कायद्यात राजभाषा कोकणी आहे. मराठी सरकारी कामाला चालते एवढंच. तासातली पंचेचाळीस मिनिटं मराठी लावून मोकळे होतील, कोकणी परत कोपऱ्यात. आणि कोकणीतही देवनागरीवाल्यांची पुस्तकी गीतं लावणार की रोमी लिपीवाल्या तियात्राची? लोक तिकीट काढून कुठल्याला जातात ते आधी बघा.

दोनापावला:
झालं. आलं हे. गाण्याच्या धाग्यावर पण राजभाषा आंदोलन.

रोमीवालो:
यादी करायला समिती बसेल तेव्हा कळेल तुम्हाला की हे आधी का विचारलं.

साउंडवालो मडगांव:
मी लग्नं आणि फेस्तांना, म्हणजे चर्चच्या सणांना, साउंड देतो, त्यामुळे जरा जमिनीवरचं बोलू का. शॅकवर रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवायचं म्हणजे ते सार्वजनिक वाजवणं, त्याला कॉपीराइटवाल्यांचं लायसन्स लागतं, कोकणी असो नाहीतर पंजाबी. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं होतं की लग्नाच्या आणि धार्मिक कार्यक्रमांतल्या गाण्यांना हे पैसे मागता येणार नाहीत, ते हायकोर्टाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उडवलं. म्हणजे लग्नात सुटका नाही तर शॅकला कुठून. मालक म्हणणार, सरकार लावायला लावतंय तर फी सरकारने भरावी, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

दुसरं, हे पैसे जाणार कुणाला? जुन्या कोकणी गाण्यांचे कितीतरी म्युझिशियन दिवसाच्या पैशांवर वाजवून घरी गेले. त्यांच्या नावावर कागद नाही. तुम्ही रोज संध्याकाळी त्यांची ट्रंपेट वाजवणार आणि चेक जाणार कंपनीला. माझ्याकडे एक ड्रमर यायचा, आता गेला बिचारा, त्याने वाजवलेलं गाणं एका लग्नात लागलं तेव्हा तो स्पीकरच्या केबली गुंडाळत होता. ऐकून हसला आणि म्हणाला हां हांव, म्हणजे हा मीच. एवढंच. नवरा-नवरीला पत्ता पण नाही.

तिसरं, आवाज. तुम्हाला कोकणी लावलं म्हणून किनाऱ्यावर शांतता होणार आहे असं काही वाटतंय काय? कायदा २००० सालचा आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद, वस्तीच्या भागात रात्री ४५ डेसिबलच्या वर जायचं नाही, आणि ४५ म्हणजे साध्या बोलण्यापेक्षाही हळू आवाज. बेस तर त्याच्याही पलीकडचा, तो भिंतीतून जातो, कान झाकून उपयोग नाही. पाळोळ्याला ह्याच्यावर तोड म्हणून हेडफोन घालून नाचायच्या पार्ट्या केव्हाच सुरू झाल्या, बाहेरून बघितलं तर येड्यांचा बाजार, पण गाव झोपतं. माझ्या मते कुठलं गाणं ह्याच्यावर भांडायच्या आधी किती मोठं ह्याच्यावर भांडा.

लायब्ररीत बसलेला:
सक्तीने काही होत नाही म्हणणाऱ्यांसाठी, फ्रान्समध्ये १९९६ पासून रेडिओवर गाण्यांतली ४० टक्के फ्रेंच भाषेतली लावायचा कायदा आहे. आणि त्यात वेळही ठरवलीय, लोक जास्त ऐकतात तेव्हाच लावायची, रात्री तीनला लावून कोटा भरला असं चालत नाही. फ्रेंच रॅपला त्याचा मोठा हात मिळाला असं म्हणतात, कारण स्टेशनवाल्यांना नवीन फ्रेंच गाणी शोधावीच लागली आणि रॅपवाली पोरं तयार होती. कॅनडातही १९७१ पासून कॅनडातल्या गाण्यांसाठी असाच कोटा आहे. म्हणजे माडाखालचोंची कल्पना अगदीच हवेतली नाही.

पणजेकार:
@लायब्ररीत बसलेला अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच फ्रान्समध्ये पुढे रेडिओवाले तीच ठरावीक दहा गाणी फिरवून फिरवून कोटा भरायला लागले, म्हणून २०१६ ला कायदा बदलून सांगावं लागलं की दहा गाण्यांवरच अर्ध्याच्या वर कोटा भरलात तर वरचं मोजणार नाही. इतका मोठा देश, इतकी गाणी, तरी हे. आपल्याकडे काय होईल? लॉर्नाची चार गाणी, रेमोची दोन, रोज ६ ते ७, कळंगुट ते काणकोण. दोन सीझनमध्ये वेटर लोकांना लॉर्नाचा आवाज ऐकून मळमळायला लागेल. प्रेमाचं गाणं असं मारायचं असेल तर सक्तीसारखं औषध नाही.

आणि रेडिओ स्टेशन वेगळं. शॅकवर माणूस पैसे देऊन बसलाय, त्याला नको असेल तर तो बाजूच्या शॅकवर जाईल, तिथेही तेच असेल तर तो ब्लूटूथ स्पीकर घेऊन वाळूवर बसेल, आणि मग बघा मजा.

शिवोलीची सून:
@साउंडवालो ते ड्रमरचं वाचून बोलवेना काही.

माडाखालचो:
बरं, दहा गाण्यांची भीती मला पण पटते. पण मग नवीन गाणी का होत नाहीत ते बोला की. कोकणीत रॅप करणारी पोरं आहेत, मराठीत इथे लिहिणारी आहेत, रेकॉर्डिंग आता घरात होतं. नाही काय तर जागा. सगळी जागा कुणी खाल्ली? सनबर्न, ते डीजे संगीताचं मोठं फेस्टिव्हल, २००७ ला कांदोळीला सुरू झालं, मोठं झालं, २०१६ ला पुण्याला गेलं, परत आलं, २०२४ ला धारगळला लोक रस्त्यावर उतरले तरी झालं, आणि २०२५ ला उठून मुंबईला गेलं. गेल्यावर आपल्याकडे काय उरलं? इतक्या वर्षांत त्या स्टेजवरून एखादा गोंयचा पोरगा मोठा करून गेले असते तर मी आज हा धागा काढला नसता. बाजारावर सोडलं की असं होतं.

दोनापावला:
सनबर्न गेलं म्हणून डिसेंबरात झोप लागली, एवढंच माझं योगदान.

कुडाळचा बंड्या:
सक्ती न करता झालेलं एक उदाहरण देतो. उर्राक, काजूच्या बोंडांची हलकी दारू. काजूचा सीझन, फेब्रुवारी ते मे, जास्त टिकत नाही, त्यामुळे आत्ता प्यायचं नाहीतर पुढच्या वर्षी. आधी हे फक्त गोंयकारांना माहीत, प्लास्टिकच्या कॅनमधून यायचं. आता दिल्लीवाला उतरल्या उतरल्या विचारतो उर्राक कुठे मिळेल, लिंबू सोडा, उभी चिरलेली हिरवी मिरची, कडेला मीठ, फोटो, झालं. कुठल्या धोरणात होतं हे? कुणी परिपत्रक काढलं होतं? चव होती, सीझन छोटा होता, लोकांनी एकमेकांना सांगितलं. लॉर्ना-ख्रिस पेरीच्या गाण्यांवरचा तो कोकणी सिनेमा आला होता ना, नाचूंया कुंपासार, त्याच्या दिग्दर्शकाने तियात्रासारखे हॉल घेऊन खेळ लावले आणि लोक गेले, परत परत गेले. तिथे कोण मागे काठी घेऊन उभा होता?

माडाखालचो:
उर्राक प्यायला भाषा लागत नाही रे बाबा. गाण्याला लागते. आणि तो सिनेमा बघायला गेले ते गोंयकारच, मी पर्यटकांच्या कानाबद्दल बोलतोय.

पणजेकार:
पर्यटकांच्या कानाची एवढी काळजी का पण? तुम्ही तुमच्या लग्नात काय लावलं होतं, खरं सांगा. गेल्या महिन्यात मी म्हापशाला एका लग्नाला होतो, रोस, म्हणजे लग्नाआधीची नारळाच्या रसाची आंघोळ, झाला घरी, म्हाताऱ्यांनी झोती, लग्नाची जुनी गाणी, म्हटल्या, सुंदर, आणि हॉलवर डीजे आला की पहिल्या गाण्यापासून पंजाबी. घरचे सगळे गोंयकार. एकपण पर्यटक नव्हता त्या हॉलमध्ये. तिथे तास कोण ठरवणार?

रोमीवालो:
हां, हे बरोबर.

माडाखालचो:
माझ्या लग्नात लाइव्ह बँड होता, नाचाच्या गाण्यांना तोच, आणि अर्धी गाणी कोकणी होती. तरी मुद्दा घेतो तुमचा. मग असं करा, रेकॉर्ड सोडून द्या. तो कॉपीराइटचा घोळ पण कमी होईल. आठवड्यातून एक संध्याकाळ प्रत्येक शॅकवर इथला एक माणूस लाइव्ह, घुमट, ते मातीच्या मडक्याचं वाद्य, घेऊन येऊ दे, गिटार घेऊन येऊ दे, पद म्हणणारा येऊ दे, काय म्हणायचं ते त्याचं तो ठरवेल. साडेनऊला बंद. घुमट २०१९ पासून राज्याचं वारसा वाद्य आहे ना, चवथीच्या आरत्या सोडल्या तर ते बाहेर कधी निघतं सांगा. पूर्वी घोरपडीचं कातडं लागायचं म्हणून बंदीत अडकलं होतं, आता बकऱ्याच्या कातड्यावर करतात, म्हणजे ती पण सबब गेली.

साउंडवालो मडगांव:
हे बरं आहे. लाइव्हमध्ये माणसाच्या हातात पैसे पडतात, त्याच रात्री. फक्त गिटार चालेल, पण घुमट उघड्यावर, दर्याच्या वाऱ्यात, माइक न लावता तिसऱ्या टेबलापर्यंत पण जात नाही, आणि खारट हवेने कातडं सैल पडतं, मधे मधे शेकावं लागतं. हे सांगून ठेवतो, नंतर म्हणू नका.

मोरजीचो शॅकवालो:
एवढा वेळ सगळं वाचत होतो, आता मी बोलू काय. शॅक आम्ही चालवतो हो. सीझनला लायसन्स फी, डिपॉझिट, पोरं बाहेरून आणायची त्यांचं राहणं-जेवण, गॅस, मासळी रोज वाढते, आणि पाऊस यायच्या आत सगळं उतरवून किनारा मोकळा करून द्यायचा. शीत-कडीची अट आली तेव्हा मला त्रास नव्हता, मी आधीपासून करतोच, आमची आई करते. पण खरं सांगतो, दिल्लीचं कुटुंब बसलं की पनीर, तंदुरी आणि दाल मागतं. मेनूवर शीत-कडी आहे म्हणून कुणी मागत नाही. मागतो तो ज्याला वेटरने सांगितलं की आज ताजा मोडसो मासा आहे, कडी खा, मस्त झालीय. म्हणजे माणसाने सांगावं लागतं, पाटीने होत नाही.

गाण्याचं पण तेच. माझ्याकडे एक म्हातारे गृहस्थ येतात शुक्रवारी, व्हायोलिन घेऊन, मांडो वाजवतात, आधी दोन ओळींत इंग्लिशमध्ये सांगतात की ही मुलगी कुणाची वाट बघतेय आणि तो का येत नाही. लोक ऐकतात. गेल्या शुक्रवारी एक टेबल उठून गेलं, बाकीची सात बसली. मला परवडतं कारण ते माझ्याकडून जेवण आणि थोडे पैसे घेतात, हॉटेलवाल्यांसारखं बिल लावत नाहीत. उद्या तुम्ही सगळ्या शॅकना सक्ती केली तर ह्या माणसाला रोज दहा जण बोलावणार, त्यांचा भाव वाढणार, चांगलंच आहे त्यांच्यासाठी, पण मोठे शॅक घेऊन जातील त्यांना आणि माझ्याकडे येईल कुणाचा तरी पुतण्या कीबोर्ड घेऊन.

माडाखालचो:
@मोरजीचो शॅकवालो पुतण्याला पण कुठेतरी सुरुवात करावीच लागेल ना?

मोरजीचो शॅकवालो:
करू दे की. पण पगार तुम्ही द्या त्याचा.